डी. डी. म्हणजे पीएच. डी.च्या वरची पदवी? मंडळीत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तो सहा जणांनी पाठवला, त्यात आमच्या भायखळ्याच्या मंडळीतले एक पंचही होते. मेसेज म्हणतो: डी. डी., म्हणजे डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी, ही पीएच. डी.पेक्षा वरची पदवी आहे. मिशनरी विल्यम केरींनाही ती मानदच मिळाली होती. सेरामपूर कॉलेजला जसा परदेशी राजाने पदव्या देण्याचा अधिकार दिला, तसा आमच्या संस्थेला अमेरिकेतून मिळाला आहे, कागदावर अपोस्टिलही आहे. धार्मिक पदवीला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता लागत नाही. तेव्हा पाळकांनी (पास्टरांनी) फॉर्म आणि देणगी भरावी, सभागृहात गाउन घालून पदवी घ्यावी आणि नावामागे ‘डॉ.’ लावावं.

आमचे पाळक वयाने साठीला आलेत. मंडळी त्यांच्या प्रेमापोटी वर्गणी काढायला निघाली आहे. म्हणून हे लिहितोय.

‘डी. डी. पीएच. डी.पेक्षा वरची’

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये पदव्यांच्या मानक्रमात डी. डी. सर्वांत वर बसते, हे खरं आहे. पण तिथे ती अनेक वर्षांच्या प्रकाशित संशोधनावर, परीक्षकांनी ते तपासल्यावर मिळते, किंवा विद्यापीठ स्वतःहून कुणाचा सन्मान करतं तेव्हा. अमेरिकेत हीच दोन अक्षरं जवळजवळ नेहमी मानद असतात. आपल्याकडे सेरामपूरही डी. डी. सन्मान म्हणूनच देतं. अभ्यास करून मिळवायची तिथली डॉक्टरेट म्हणजे डी. टीएच. (डॉक्टर ऑफ थिऑलॉजी). अक्षरं तीच, वजन वेगळं. त्यामुळे कुणी दिली आणि कशाबद्दल दिली, हे विचारल्याशिवाय ‘वरची’ की ‘खालची’ या बोलण्याला अर्थ नाही.

अभ्यासाची शिडी कशी असते, तेही सांगतो. प्रोटेस्टंट सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, आधी बी. टीएच. किंवा बी. डी. ही ईश्वरविज्ञानाची पहिली पदवी, मग एम. टीएच., मग डी. टीएच. कॅथलिकांकडे एस. टी. बी., एस. टी. एल. आणि शेवटी एस. टी. डी., अशाच तीन पायऱ्या. या पदव्या देण्याचा अधिकार रोमकडून येतो आणि २०१७ च्या एका पोपकृत संविधानात त्याचे नियम बारकाईने लिहिलेले आहेत. पुण्याचं ज्ञानदीप (पूर्वीचं ज्ञानदीप विद्यापीठ) अशा पदव्या देतं. ते १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झालं आणि १९५५ मध्ये पुण्यात आलं. डी. मिन. (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री) ही आणखी निराळी: अनेक वर्षं सेवा केलेल्या पाळकासाठी, त्याच्या सेवेच्या कामावरच बेतलेली. यातली एकही पदवी एका दुपारी मिळत नाही.

माझ्या वडिलांनी बी. डी. चाळिशीनंतर केली. ग्रीक क्रियापदांची रूपं त्यांनी पत्त्यांएवढ्या कागदांवर लिहिली होती. हार्बर लाइनच्या लोकलमध्ये ते तो गठ्ठा खिशातून काढत आणि वडाळा यायच्या आत एकदा सगळा फिरवत. हिब्रूत ते एकदा नापास झाले, पुन्हा बसले. माझ्या डोळ्यांसमोर पदवी म्हणून ते कागद येतात. म्हणून ‘देणगी भरा’ हे वाचून मला राग आला, तो मी लपवत नाही.

‘केरींनाही मानदच होती’

होती. अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठाने १८०७ मध्ये दिली. मात्र त्याआधी काय झालं होतं, हे मेसेजमध्ये नाही. जोडे शिवणारा हा माणूस कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत होता. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि त्याच साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आणलं. पुढे १८१० मध्ये मराठी कोश आला. आपल्या भाषेवर या माणसाचे उपकार आहेत. ब्राउनने त्या कामाला मान दिला. तो त्यांनी मागितला नव्हता, विकत तर नाहीच नाही.

विसाव्या शतकातले मोठे ईश्वरविज्ञानी कार्ल बार्थ यांच्याकडेही अभ्यास करून मिळवलेली डॉक्टरेट नव्हती. बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरच्या त्यांच्या भाष्याने युरोपभर खळबळ उडाली आणि १९२२ मध्ये म्युन्स्टर विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. मानद पदवीला माझा विरोध नाही, हे इथे स्पष्ट सांगतो. आधी काम, मग ते काम पारखू शकणारी संस्था, आणि मग मान. फॉर्म आणि पावती यांना या क्रमात जागाच नाही.

‘सेरामपूरला राजाने दिला, आम्हाला अमेरिकेने’

सेरामपूर म्हणजे बंगालमधलं. आपलं नगरकडचं श्रीरामपूर नव्हे. कॉलेज १८१८ मध्ये निघालं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणजे सहावा फ्रेडरिक हा त्या भूमीचा राजा होता. त्याने १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद दिली. गाव १८४५ मध्ये इंग्रजांना विकलं गेलं, तेव्हा करारात ते हक्क राखले गेले. १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने कायदा करून पदव्यांचा कारभार पाहणाऱ्या सिनेटची घडी बसवली.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. सनद हातात असूनही त्या सनदेखाली पहिली बी. डी. दिली गेली ती १९१५ मध्ये. अठ्ठ्याऐंशी वर्षं अधिकार होता आणि त्यांनी घाई केली नाही.

आता अमेरिकेचं. फ्लोरिडासारख्या राज्यात धार्मिक महाविद्यालयांना राज्याच्या शैक्षणिक परवान्यातून सूट मिळू शकते. शासनाने धर्मात ढवळाढवळ करू नये, हा त्यामागचा विचार. सूट मिळाली म्हणजे शिक्षणाचा दर्जा कुणी तपासला, असं होत नाही. उलट, तो राज्याने तपासलेला नाही एवढंच त्यातून कळतं. अपोस्टिलचंही तसंच. १९६१ च्या हेग कराराप्रमाणे मिळणारा हा शिक्का एवढंच सांगतो की कागदावरची सही आणि मोहोर खऱ्या अधिकाऱ्याची आहे. बहुधा नोटरीची. आत काय लिहिलंय, याची हमी तो देत नाही. आयएसओ प्रमाणपत्र आणि ट्रस्टची नोंदणी यांनाही हेच लागू.

‘यूजीसी लागत नाही’

१९५६ च्या यूजीसी कायद्याचं कलम २२ म्हणतं की पदवी देण्याचा हक्क केंद्राच्या, प्रांताच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला, किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. कोणत्या नावाच्या पदव्या त्यात मोडतात, ते आयोग अधिसूचनेने ठरवतो. कलम २३ प्रमाणे अशा कायदेशीर आधाराशिवाय नावात ‘विद्यापीठ’ हा शब्द वापरता येत नाही, आणि या कलमांमध्ये धार्मिक संस्थांसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. मंडळीने आपल्या प्रचारकांना शिकवावं, प्रमाणपत्र द्यावं, त्याला कुणाचीच आडकाठी नाही. ‘युनिव्हर्सिटी’ म्हणवून डॉक्टरेट वाटणं ही निराळी गोष्ट आहे.

‘पेत्र कोळी होता, त्याच्याकडे कुठली पदवी होती?’

मेसेजच्या शेवटी हेही आहे. पदवीची गरज नसेल, तर मग ती विकत कशासाठी घ्यायची? आणि त्याच नव्या करारात पौल आहे, गमलिएलाच्या चरणांजवळ बसून शिकलेला.

आपल्या मराठी मंडळीला तर दूर जायलाच नको. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये याच मुंबईत झाला. त्यांची गीतं आपण आजही उपासनेत गातो आणि ती गाताना त्यांची पदवी कुणी विचारत नाही. रमाबाईंना १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, ते त्यांची संस्कृत विद्या पारखून. पुढे मराठी बायबलच्या भाषांतरासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

आमचे पाळक दर आठवड्याला जे. जे.च्या वॉर्डात जातात. कोविडमध्ये, घरचे लोक यायला घाबरत होते तेव्हा, त्यांनी दफनविधी केले. त्यांचा मान करायचा तर त्या कामाचं नाव घेऊन, आपल्याच वेदीपुढे उभं राहून करूया. जमलेल्या वर्गणीबद्दल मी पंचांना चिठ्ठी दिली आहे: आपल्या तरुण संघातल्या एका मुलीला बी. डी. करायची आहे आणि पहिल्या वर्षाची फी अडली आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर बैठक आहे. पाळकांनी ती चिठ्ठी वाचली आणि त्या पदवीचा फॉर्म मला परत दिला, कोराच.