तीन फूट माती आणि एक बोअर

वाद सुरू झाला प्लॉटवरून. आमच्यातल्या एकाने (त्याला इथे प्लॉटवाला म्हणू, नाव छापलेलं त्याला आवडायचं नाही) एका जुन्या वर्कशॉपची जागा घेतली. धातूच्या सुट्या भागांवरचं ग्रीस सॉल्व्हंटने धुऊन काढायचं काम तिथे कित्येक वर्षं चालायचं. व्यवहार झाला, पाडकाम झालं आणि पाया खणताना मजूर म्हणाले, मातीला गोडसर वास येतोय.

"येऊ दे की," कंत्राटदार म्हणाला. तोही कट्ट्यावरचाच. "तीन फूट माती उचलू, चांगली भर टाकू, वर स्लॅब. विषय संपला. पाण्याची धास्ती असेल तर नवी बोअर मारू, जुनीपेक्षा खोल."

मी "थांब जरा" म्हणालो आणि पुढचे दोन तास गेले. माझं पोट या असल्याच कामावर आहे. दूषित जागांवर विहिरी घ्यायच्या, पाण्याचे आणि मातीचे नमुने काढायचे, लॅबला पाठवायचे. त्यामुळे गप्प बसणं जमलं नाही.

प्लॉटवाल्याने खिशातून लॅबचा कागद काढला. फाटकापाशी जुनी बोअर आहे, तिचं पाणी त्याने तपासून घेतलं होतं. 'आढळले नाही.' कंत्राटदाराने तो कागद हुकमाचा एक्का टाकावा तसा कट्ट्यावर आपटला.

"बोअर किती खोल?" मी विचारलं.

"दोनशे फूट."

"केसिंग? आतला पाइप कुठपर्यंत?"

"वरचे साठ फूट."

"मग ते केसिंग नीट बसलं असेल तर वरच्या साठ फुटांतलं पाणी या बोअरमध्ये येतच नाही. वरच्या मजल्यावर आग लागलीय का बघायला तू तळघरात जाऊन आलास. आणि खालचं पाणी कोणत्या दिशेला वाहतं?"

"पाणी वाहतं कुठे? साचलेलं असतं ना?"

वाहतं. बहुतेक ठिकाणी अगदी सावकाश, दिवसाला काही सेंटीमीटर, पण वाहतं. दिशा कळायला निदान तीन विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नसलेल्या. तिन्हींची पातळी एकाच दिवशी मोजली की उतार कळतो. फाटक जर चढाच्या अंगाला असेल, तर तिथलं पाणी स्वच्छ निघाल्याने फक्त शेजाऱ्याची जागा बरी आहे एवढंच सिद्ध होतं.

मास्तर इतका वेळ ऐकत होते. ते भौतिकशास्त्र शिकवायचे. म्हणाले, "पण पेट्रोल पाण्यावर तरंगतं. हेही वरच असेल. वरचं काढलं की झालं."

"पेट्रोल तरंगतं मास्तर, हे बुडतं. हे सॉल्व्हंट ट्रायक्लोरोइथिलीन असेल तर लिटरला जवळजवळ दीड किलो भरतं. सांडलं की पाण्याच्या पातळीपाशी थांबत नाही, तिच्यातून खाली जातं. चिकणमातीचा थर लागला की त्यावर बसतं, खळगा मिळेल तिथे साचतं, थराला उतार असेल तर त्या उताराने घरंगळतं, मग वरचं पाणी उलट्या दिशेला का वाहत असेना. तिथे बसून ते थोडं थोडं विरघळत राहतं, वर्षानुवर्षं."

"किती सांडलं असेल असं?"

आता मला आवडणारा हिशेब आला. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. मास्तरांनी मोबाइलवर आकडे मारले, शून्यं दोनदा मोजली. एक लिटर सॉल्व्हंट नासवू शकतं ते पाणी: सुमारे २९ कोटी लिटर.

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग कंत्राटदारच म्हणाला, "बरं, मग पंप लावा, पाणी उपसा, गाळून सोडा. त्यात एवढं काय आहे?"

त्यात एवढंच आहे की बहुतेक ते पुरत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ साली अशा पंपवाल्या ७७ जागांचा आढावा घेतला, तेव्हा ठरवलेली शुद्धता गाठलेल्या जागा निघाल्या ८. मी स्वतःही तोंडघशी पडलोय. आमच्या एका साइटवर दोन वर्षं उपसा चालला, आकडे उतरत उतरत मर्यादेच्या आत आले, सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या आणि पंप बंद केला. आठ महिन्यांनी नमुने काढले तर आकडे पुन्हा वर. मातीच्या माठात एकदा रॉकेल भरून ठेवा आणि मग तो हवा तितका धुवा. पाणी ओतलं की वास येणारच, कारण रॉकेल माठात नाही, माठाच्या अंगात आहे. चिकणमातीचं तेच होतं. सॉल्व्हंट तिच्यात हळूहळू मुरतं आणि बाजूच्या वाळूतलं पाणी स्वच्छ झालं की तितकंच हळूहळू बाहेर यायला लागतं. आम्ही दोन वर्षं वाळू धुतली होती. मातीत काय मुरलंय ते कुणी बघितलंच नव्हतं.

"म्हणजे गाडून टाकणं हाच उपाय," प्लॉटवाला कडवटपणे म्हणाला.

इथे वकिलाला राहवलं नाही. त्याने लव्ह कॅनॉलची गोष्ट काढली. नायगारा धबधब्याच्या गावात एका अर्धवट कालव्यात एका रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ अशी अकरा वर्षं कचरा पुरला, वर मातीचं झाकण घातलं आणि जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात लिहिलं होतं की इथे रसायनं पुरलेली आहेत, पुढे काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. शाळा झाली, घरं झाली, बांधकामात झाकणालाच भोकं पडली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्षांना तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली आणि १९८० मध्ये दूषित जागा साफ करवून घेणारा सुपरफंड कायदा आला. "आणि त्या कायद्यात," वकील प्लॉटवाल्याकडे बघत म्हणाला, "जागेचा सध्याचा मालकही धरला जाऊ शकतो."

"माझ्याकडे काय बघतोस?"

मी जरा भर घातली. ती जागा २००४ मध्ये सुपरफंडच्या यादीतून वगळली, म्हणजे सरकारच्या लेखी काम पुरं झालं. कचरा मात्र अजून तिथेच आहे. वर नवं झाकण, भोवती चर, झिरपलेलं पाणी गोळा करून शुद्ध करायची सोय. 'साफ झालं' याचा अर्थ दर वेळी 'गेलं' असा नसतो. कधी कधी 'बांधून ठेवलंय आणि कुणीतरी राखण करतंय' एवढाच असतो. मला यात फसवणूक वाटत नाही, राखण खरंच होत असेल तर.

मास्तरांनी निसर्गाची बाजू घेतली. जिवाणू खातात म्हणे हे सगळं. अर्धं खरं आहे. पेट्रोलमधलं बेंझिन जमिनीतले जिवाणू खरोखर खातात, पुष्कळ ठिकाणी नुसतं लक्ष ठेवलं तरी दूषित पट्टा वाढायचा थांबतो. क्रोमियम, शिसं कुणी खाऊन संपवत नाही. सहा संयुजेचं क्रोमियम, ज्याने पाणी पिवळं होतं, त्याचं लोहाच्या क्षाराने तीन संयुजेचं करता येतं. मग ते विषारी कमी आणि मातीला चिकटून बसणारं होतं, पण असतं तिथेच. आणि आपलं ट्रायक्लोरो? त्याचे क्लोरीन एकेक करून काढणारे जिवाणू आहेत. ते काम शेवटपर्यंत नेणारा डिहॅलोकोकॉइड्स १९९७ साली वेगळा काढला गेला. त्याला हवा चालत नाही. जमिनीत मळी किंवा तेल सोडून आधी ऑक्सिजन संपवावा लागतो. गोम अशी, की हा जिवाणू त्या जमिनीत नसेल तर काम मध्येच अडतं आणि साचतं व्हिनाइल क्लोराइड, जे मूळ मालापेक्षा वाईट.

"सगळ्याला तुझं 'पण' आहे," कंत्राटदार उखडला. "माती उचलू नको, पाणी उपसू नको, जिवाणू सोडू नको. नुसतं तपासत बस. नमुने काढणाऱ्याचं घर चालतं, दुसरं काय!"

लागलं, कारण अगदीच खोटं नाही. वर्षानुवर्षं अहवालांवर अहवाल रचलेल्या आणि फावडंही न लागलेल्या जागा मी पाहिल्यात. माती उचलण्यालाही माझा विरोध नाही. डाग लहान असेल, उथळ असेल, कडा माहीत असतील तर त्याहून चांगला उपाय नाही. भांडण त्या 'तीन फूट' शब्दांशी आहे. तीनच का? तर मशीनला तेवढं सोपं पडतं म्हणून. आणि स्लॅब घातला तरी खालून येणारी वाफ फटींतून, पाइपांच्या कडेने घरात शिरते.

"नमुना म्हणजे काय, बाटली भरायची," तो म्हणाला.

मग त्याला हाताने करून दाखवलं. चाळीस मिलिलिटरची काचेची कुपी. पंप इतका मंद की धार करंगळीपेक्षा बारीक. पाणी कुपीच्या कडेवरून आत सोडायचं, खळखळ होऊ द्यायची नाही, तोंडाशी पाण्याचा फुगवटा आला की झाकण लावायचं. मग कुपी उलटी धरून टिचकी मारायची. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ती बाजूला ठेवून नवी भरायची, कारण जे शोधतोय ते पाण्यातून हवेत उडतं. कुपीत हवा जास्त राहिली तर लॅब 'आढळले नाही' असंही लिहू शकते. प्लॉटवाल्याने आपला कागद हळूच उचलून घडी घातली. त्याचा नमुना पाण्याच्या बाटलीत गेला होता, तीही अर्धी भरलेली.

"आणि खोल बोअर तर आत्ताच मुळीच नको," मी म्हणालो. "चिकणमातीच्या थरावर ते साचलेलं असलं आणि तू थर फोडलास, तर त्याला खाली जायला जिना तूच बांधून दिलास."

"मग आधी करू काय?"

"आधी मशीन आणायचंच नाही. जुना नकाशा शोध. धुण्याची टाकी कुठे होती, पिंपं कुठे ठेवायचे, गटार कुठे जायचं. तिथे काम केलेलं कुणी भेटलं तर..."

बोलता बोलता मीच थांबलो. कट्ट्याच्या टोकाला अण्णा बसले होते. त्या वर्कशॉपात त्यांनी नऊ वर्षं हिशेब लिहिले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दोन तासांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"अण्णा, घाण झालेलं सॉल्व्हंट कुठे टाकायचे हो?"

"टाकायचे कुठे म्हणजे? मागच्या भिंतीपाशी खड्डा होता. संध्याकाळी बादल्या तिथेच रिकाम्या व्हायच्या. सकाळी बघावं तर खड्डा कोरडा," अण्णा म्हणाले. "मालक म्हणायचे, उडून जातं."

कंत्राटदाराने मोबाइलवर प्लॉटचा नकाशा उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिला. नव्या बोअरची खूण त्याने मागच्या भिंतीपाशी केली होती.