यादीतून चावी काढली, तरी पासवर्ड बदलावाच लागतो

‘सॉप्सने फाइल कूटबद्ध करून गिटमध्ये ठेवली की बाहेरच्याला काहीच दिसत नाही, कोणी नोकरी सोडली तर त्याची चावी यादीतून काढावी, पासवर्ड बदलण्याची गरज नाही,’ हा सल्ला प्रोग्रामर मंडळींत सर्रास दिला जातो. सॉप्स हे पासवर्डसारखी गुपिते असलेल्या फाइली कूटबद्ध करणारे, म्हणजे चावीशिवाय वाचता येऊ नयेत अशा करणारे, मोझिलात तयार झालेले कमांड लाइनवरचे साधन आहे; गिट ही फाइलींमधील प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारी प्रणाली; आणि यादी म्हणजे फाइल उघडू शकणाऱ्या सदस्यांच्या चाव्यांची यादी. सॉप्स मी रोज वापरतो आणि इतरांनाही सुचवतो. म्हणूनच त्याच्या नावावर खपणारा हा गैरसमज मला धोकादायक वाटतो.

‘काहीच दिसत नाही’ हे बरोबर नाही. यॅमल फाइलमधील (‘नाव: मूल्य’ अशा ओळींची फाइल) मूल्ये सॉप्स झाकते, पण त्यांची नावे उघडी ठेवते. शिवाय मूळ मजकुराची लांबीही कूटबद्ध मजकुरावरून कळते. गिटमध्ये नेमके काय बदलले ते वाचता यावे म्हणून नावे मुद्दाम उघडी ठेवली आहेत, आणि ही निवड मला योग्यच वाटते. मात्र रेपो (गिटमधील फाइलींचा साठा) सार्वजनिक करणाऱ्याला ती ठाऊक असली पाहिजे.

खरी चूक चावी काढण्याविषयी आहे. सॉप्स प्रत्येक फाइलसाठी २५६ बिटांची एक गुप्त चावी, म्हणजे डेटा-की, तयार करते, मूल्ये तिने कूटबद्ध करते आणि ती डेटा-की प्रत्येक सदस्याच्या एज किंवा पीजीपी (कूटबद्ध करण्याच्या दोन पद्धती) चावीने स्वतंत्रपणे कूटबद्ध करून त्याच फाइलमध्ये ठेवते. ‘सॉप्स अपडेटकीज’ ही आज्ञा केवळ ही यादी बदलते, डेटा-की जुनीच राहते. त्यामुळे ज्याने ती पूर्वी उलगडून जपून ठेवली असेल, त्याला नंतर भरलेली मूल्येही वाचता येतात. ‘सॉप्स रोटेट’ने डेटा-की बदलली, तरी गिटच्या इतिहासातील जुनी फाइल सोडून गेलेल्याच्या चावीने आजही उघडते, आणि सर्व्हरवरील इतिहास पुसून टाकला तरी त्याच्या लॅपटॉपवरील क्लोन, म्हणजे इतिहासासह पूर्ण प्रत, आपल्या हाती येत नाही.

‘त्याने फाइल उघडलीच नसेल’ असेही सांगितले जाते. एज चावीने फाइल उघडण्याचे काम त्या माणसाच्या स्वतःच्या संगणकावर होते आणि त्याची नोंद आपल्याकडे कुठेच उमटत नाही, तेव्हा हा भरवसा कशाच्या आधारावर ठेवायचा?

म्हणून फाइलमध्ये ठेवलेला पासवर्ड, उदाहरणार्थ डेटाबेसचा, बदलावाच लागतो, आणि त्यात क्रमही महत्त्वाचा आहे: आधी चावी वगळावी, मग डेटा-की बदलावी, आणि त्यानंतरच नवा पासवर्ड फाइलमध्ये लिहावा; अन्यथा तो नवा पासवर्डही जुन्या डेटा-कीनेच कूटबद्ध होऊन इतिहासात जाऊन बसतो.