बंद पुलापाशी मी काय पाहिलं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार.

ऋषिकेशला गंगेवर असलेल्या, आता बंद केलेल्या लक्ष्मण झुला या झुलत्या पुलावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत की दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं वाटेना. म्हणून सवडीने बसले. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही एकाहत्तर वर्षांचे, सगळी नोकरी पूल बांधण्यात आणि तपासण्यात गेलेली. तुमचं म्हणणं असं, की मी पुलाचं साल चुकवलं. 'लोकांकडून पूल हिरावून घेतला' असं लिहून, गुजरातेतल्या मोरबीचा झुलता पूल कोसळल्यानंतरही, बेजबाबदार हळहळ पसरवली. पूल हे एक यंत्र आहे, आयुष्य संपलं की ते उतरवायचं, देव्हाऱ्यात बसवायचं नाही. आणि शेवटचं वाक्य, जे मला सगळ्यात जास्त लागलं: 'पूल पायाखालून कळतो. तुम्ही तो ओलांडलाच नाहीत, मग पाहिलंत काय?'

साल खरंच चुकलं. मी 1889 लिहिलं होतं, ते आधीच्या पुलाचं. कलकत्त्याच्या रायबहादूर सूरजमल झुनझुनवालांच्या देणगीतून त्या साली ऋषिकेशला लोखंडी दोरांचा 284 फुटी पूल झाला आणि ऑक्टोबर 1924 च्या पुरात गंगेने तो नेला. त्याच्याही आधी तिथे तागाच्या दोरांचा झुला होता. त्यावरून यात्रेकरूंना शिंक्यात बसवून पलीकडे ओढून नेत. लक्ष्मणाने तागाच्या दोरांवरून गंगा ओलांडली ही कथाही त्याच जागेची. आज उभा आहे तो पूल संयुक्त प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने 1927 ते 1929 या काळात बांधला, आणि 11 एप्रिल 1930 ला तो वाहतुकीला खुला झाला. माझ्या टिपणवहीत या साऱ्या पुलांची सरमिसळ झाली होती. तुम्ही टोकलंत म्हणून पुन्हा आकडे काढून बसले तेव्हा एक गोष्ट दिसली, जी लेख लिहिताना दिसली नव्हती. जुना पूल 284 फुटांचा, नवा 450 फुटांचा. म्हणजे नवे मनोरे एकमेकांपासून 166 फूट अधिक दूर उभे केले, आणि पूल पाण्यापासून सुमारे 70 फूट उंच टांगला. चोवीस सालचा पूर मला त्या 166 फुटांत दिसतो.

आता 'हिरावून घेतला'. तो शब्द मी मागे घेते, आणि मनापासून घेते. तो माझा नव्हता. अलीकडच्या काठावर, तपोवन वस्तीच्या बाजूला पुलाच्या तोंडाशी रुद्राक्षाच्या माळा विकणारे एक गृहस्थ बोलता बोलता तसं म्हणाले आणि मी तो उचलला. त्यांच्या तोंडी तो खरा होता. पुलावरून येणारी माणसं हीच त्यांची गिऱ्हाइकं. पण लिहिणारीने पुढे विचारायला हवं होतं की कुणापासून हिरावला आणि कशासाठी. 12 जुलै 2019 ला पूल बंद करण्याची घोषणा झाली, कारण तपासणीत मनोरा एका बाजूला कललेला वाटला, बहुतेक भाग कमकुवत झालेले आढळले आणि आणखी भार पेलण्याची ताकद उरलेली नाही असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात पूर्ण बंद व्हायला 2020 उजाडलं. राग यायचा तर त्या मधल्या महिन्यांचा यायला हवा होता, बंदीचा नव्हे. मी नेमकी उलट्या जागी रागावले.

मनोरा कलणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी लिहिते. झुलत्या पुलात चालायची फळी लोंबत्या सळ्यांना टांगलेली असते, सळ्या मुख्य दोराला, आणि तो दोर मनोऱ्याच्या माथ्यावरून मागे जाऊन जमिनीत पक्का रोवलेला असतो. दोराची नदीकडची ओढ आणि मागची ओढ सारखी असेल तोवर मनोऱ्याला फक्त वरून खाली दाबणारं वजन सोसायचं असतं. ही बरोबरी बिघडली, रोवलेलं टोक जरा सरकलं किंवा माथ्यावर दोर अडकून बसला, की मनोरा वाकू लागतो. वाकणं सोसायला तो बांधलेलाच नसतो. म्हणून चालणाऱ्याला पाय ठेवताना जे जाणवतं ते बहुधा सगळ्यात निरुपद्रवी असतं. झुलता पूल हलणारच. धोका असतो तो डोळ्याआड, दोर जमिनीत शिरतो तिथे.

फ्रान्समध्ये आंजेर गावात 16 एप्रिल 1850 ला वादळात एक पलटण झुलत्या पुलावरून जात असताना तो कोसळला आणि दोनशेहून अधिक सैनिक मेले. त्या पुलाचे दोर टोकाला चुन्यात गाडलेले होते. आत गंज चढला होता आणि तो बघायला वाटच ठेवलेली नव्हती. मोरबीत मच्छू नदीवर 30 ऑक्टोबर 2022 ला 135 माणसं गेली. दुरुस्ती होऊन पूल पुन्हा खुला झाल्याला तेव्हा चारच दिवस झाले होते. मुख्य दोराच्या 49 तारांपैकी 22 अपघाताच्या आधीच तुटलेल्या असाव्यात, असं विशेष तपास पथकाला आढळलं. दोन्ही घटनांत पावणेदोनशे वर्षांचं अंतर आहे आणि कारण जवळपास तेच आहे. तुम्ही मोरबीचं नाव घेतलंत तेव्हा मी आधी चिडले. वाटलं, हळहळणाऱ्या बाईला मेलेल्या माणसांची भीती दाखवून गप्प करताहेत. मग आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवरचं कुंडमळा आठवलं. 15 जून 2025, इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल, रविवारची गर्दी, चार मृत्यू. तो झुलता नव्हता. पण पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता आणि माणसं तरीही वर होती. लक्ष्मण झुल्याला फलकावर न थांबता दार लावलं. ते दार लावणाऱ्याला मी लेखात दोष दिला, याचं मला वाईट वाटतं.

एक हिशेबही करून पाहिला. पुलाची रुंदी सुमारे 6 फूट धरली तर चालायची जागा साधारण 250 चौरस मीटर होते. सुट्टीच्या संध्याकाळी दर चौरस मीटरला चार माणसं दाटली तर हजार माणसं, म्हणजे सुमारे 60 टन, आणि तेही जागच्या जागी उभे. यात्रेकरू पूल ओलांडून पुढे जायचे. आताचा पाहुणा मधोमध थांबतो, कारण फोटो तिथूनच चांगला येतो. पंधरा वर्षांची असताना मी हा पूल ओलांडला आहे, हे लेखात लिहायचं राहिलं. तेव्हा मोटारसायकली हॉर्न वाजवत त्याच फळीवरून येत होत्या, आम्ही कठड्याला चिकटून त्यांना वाट देत होतो, आणि माझा भाऊ आणि मी पूल अजून हलावा म्हणून मुद्दाम पाय आपटत होतो. आई ओरडली तेव्हा आम्हाला तिचा राग आला होता. तेव्हा पायाखालून मला तो पूल कळला असं मी म्हणू शकत नाही, काका. मला फक्त मजा कळली होती.

पण तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर मी अडून बसणार आहे. आयुष्य संपलेलं यंत्र उतरवायचं, हे मला मान्य नाही. भार पेलण्याचं आयुष्य संपलं म्हणून उभं राहण्याचंही संपतं असं नाही. केरळात पुनलूरला कल्लडा नदीवरचा झुलता पूल 1877 चा, अल्बर्ट हेन्री या अभियंत्याने बांधलेला. शेजारी काँक्रीटचा पूल झाल्यावर वाहनं तिकडे गेली, आणि जुना पूल राज्याच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित म्हणून जपला. त्याच्या साखळ्या रोवण्यासाठी खोल विहिरी बांधल्या आहेत. कुणी विचारलं की झुलता पूल कशाच्या जोरावर उभा असतो, तर त्याला तिथे नेऊन दाखवता येतं. हे पुस्तकातल्या आकृतीने होत नाही. लक्ष्मण झुल्यावरचा चालणाऱ्यांचा भार आता गेला आहे. उरलं ते त्याचं स्वतःचं वजन. दोर, सळ्या आणि रोवलेली टोकं नेमाने तपासून, रंगवून तो पुढच्या मुलांना बघता येईल असा ठेवावा, एवढंच माझं म्हणणं. चालण्यासाठी जवळ जानकी सेतू आहे, आणि मी गेले तेव्हा अगदी शेजारी बजरंग सेतूचं काम चालू होतं, दोन्ही कडांना काचेचा पदपथ असणारा. नवं होऊ दे. जुनं त्याच्या बाजूला उभं राहिलं तर कुणाचं काय अडतं?

आणि त्या पुलावरची पाटी. ती मी बराच वेळ वाचत उभी होते. त्यावर मुख्य अभियंता टिलार्ड, अधीक्षक अभियंता कॉर्नेलियस, कार्यकारी अभियंता जगदीश प्रसाद आणि शेवटी ओव्हरसियर अवध नारायण. मंत्र्यांची नावं कोरलेल्या कोनशिला आपण रोज बघतो. ओव्हरसियरचं नाव असलेली पाटी मी तरी दुसरी पाहिलेली नाही. रोज साइटवर उन्हात उभं राहून दोर मोजून घेणारा माणूस तोच असणार. तुमच्या खात्यातला माणूस, काका. त्याच पाटीवर हा प्रांतातला पहिला 'जीप जाऊ शकेल असा' झुलता पूल असल्याचं लिहिलं आहे. जीप दुसऱ्या महायुद्धात आली, म्हणजे ही पाटी नंतर कधीतरी लिहिलेली. तरीही ती लिहिणाऱ्याने अवध नारायण गाळला नाही. पूल भंगारात गेला तर ही पाटी कुठल्या गोदामात जाईल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकाल.

'पाहिलंत काय?' याचं उत्तर मात्र मी लेखातच नीट द्यायला हवं होतं. दाराशी उभं राहिलं की समोर पलीकडच्या काठावर तेरा मजली देऊळ दिसतं. त्याचं नाव त्र्यंबकेश्वर, आणि नाशिककडची माणसं ते ऐकून दोन क्षण थबकतात. त्या काठावरून डावीकडे वळून जुनी बद्रीनाथची पायवाट जात असे: गरुडचट्टी, फूलचट्टी, मोहनचट्टी, पुढे व्यासघाट, देवप्रयाग. मोटाररस्ता होण्यापूर्वी यात्रा खऱ्या अर्थाने या पुलावरून सुरू व्हायची. घरी निरोप घेऊन, परत येऊच असं नाही हे धरून निघालेली माणसं इथून पलीकडे जायची. मी उभी असताना एक गढवाली म्हातारी आली. तिने बंद दाराला हात लावून कपाळाला लावला, खाली वाकून उंबऱ्याला नमस्कार करावा तसा केला, आणि वळून खालच्या अंगाच्या दुसऱ्या झुलत्या पुलाकडे, रामझुल्याकडे चालू लागली. तिला पलीकडे जायचंच होतं, लांबचा वळसा घालून. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. ती गेल्यावर माझी जी तक्रार होती ती मला जड वाटू लागली होती, तरी घरी येऊन मी तीच लिहिली.

तुम्ही म्हणता पूल पायाखालून कळतो. आमच्या गावी, राजापूरच्या बाजूला, वहाळावर साकव घालतात. माड किंवा पोफळीचे वासे, वर आडव्या काठ्या, वेलांनी किंवा काथ्याने बांधलेल्या. आजोबा पावसाळ्यानंतर पहिल्यांदा साकवाशी गेले की आम्हा मुलांना काठावर उभं करायचे. स्वतःही लगेच पाय ठेवायचे नाहीत. आधी दोन्ही टोकांना जाऊन खाली वाकायचे, माती उकरायचे, वासा जिथे मातीत शिरतो तिथे काठीने ठोकायचे आणि आवाज ऐकायचे. 'मधी कुसत नाय, टोकाक कुसता,' असं ते म्हणत. मग वासा बदलायचा की नाही ते ठरे. त्यांनी आंजेरचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

लक्ष्मण झुल्याशीही मी तेच केलं, फक्त तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. पूल ओलांडता येत नाही म्हणून नाइलाजाने मनोऱ्याच्या मागे गेले आणि दोर जमिनीत उतरतात तिथे बसले. पंधराव्या वर्षी त्या बाजूला मी वळूनही पाहिलं नव्हतं. त्या जागेचे सहा फोटो आहेत, दोराच्या टोकाकडचे जवळून घेतलेले. लेखात ते टाकले नव्हते, कारण त्यांत गंगा दिसत नाही.

आज रात्री लेखात साल दुरुस्त करते, 'हिरावून' काढते आणि ते फोटो जोडते. तुम्ही ते बघून सांगाल का, की तपासणीला गेलात तर यातल्या कुठल्या जागी आधी हात लावाल? तुम्ही लिहाल ते लेखाखाली तुमच्याच शब्दांत ठेवीन.