वजनावरून इयरफोन पारखू नका

इंदूरच्या मराठी गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘वायरवाला इयरफोन कसा ओळखावा’. मजकूर थोडक्यात असा. हातात घेतल्यावर जड लागला पाहिजे. आत जितके ड्रायव्हर जास्त, तितका आवाज चांगला. डब्यावर 40 किलोहर्ट्झ लिहिलेलं असावं. बास छातीत जाणवला पाहिजे. तार चांदीची असेल तर दोन पैसे जास्त द्या. घरी आणल्यावर 100 तास सलग वाजवत ठेवा, मग खरा आवाज उघडतो. आणि शेवटी, ‘बाकी सगळे कंपन्यांचे नखरे’.

ब्लूटूथच्या दिवसांत तारेच्या इयरफोनबद्दल कुणी इतक्या आस्थेने लिहितं, याचा मला आनंद आहे. पण माझ्याकडे गाणं शिकायला येणारी मुलं हा संदेश दाखवून ‘ताई, यातलं काय बघू?’ असं विचारतात. तंबोरा कानात लावून रियाझ करायचा, आपलंच रेकॉर्डिंग ऐकून सूर कुठे उतरला ते शोधायचं, यासाठी त्यांना इयरफोन हवा असतो. ही यादी घेऊन ती जेल रोडच्या बाजारात गेली, तर नको त्या गोष्टीचे पैसे देऊन येतील. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

‘जड असेल तो मजबूत.’ वजन येतं ते बहुधा धातूच्या कवचामुळे, आणि इयरफोन कवचापाशी क्वचितच मोडतो. तो तुटतो तीन जागी: पिनेच्या मानेशी, एका तारेच्या दोन होतात त्या गाठीशी, आणि तार कवचात शिरते तिथे. दुकानात या तीन जागा बघा. पिनेच्या मागे वाकणारी रबरी नळी आहे का, की तार कडक प्लास्टिकमधून एकदम बाहेर पडते? फोन खिशात ठेवून ऐकणार असाल तर काटकोनातली पिन बरी, कारण सरळ पिनेला बसता-उठता झटके बसतात. तार सुटी करता येत असेल तर फारच उत्तम. तार गेली तर फक्त तारच बदलायची. सुट्या तारेचे दोन प्रकार बाजारात दिसतात. 0.78 मिलिमीटरच्या दोन पिना खोचायचा एक, आणि एमएमसीएक्स नावाचा, टच्चकन बसणारा गोल जोड हा दुसरा. गोल जोड कवचात फिरतो, त्यामुळे सोयीचा वाटतो, पण फिरून फिरून सैल झाला की खरखर सुरू होते. दोन पिनांचा जोड घट्ट राहतो, मात्र तो सरळच ओढायला हवा, वाकडा ओढला की पिन वाकते.

मग कानात जाणाऱ्या नळीचं तोंड बघा. तिथे रबर अडकून राहील अशी कड हवी, नाही तर काढताना रबर कानातच राहतं. तोंडावर बारीक जाळी हवी. एका बाजूचा आवाज हळूहळू बारीक होतो तेव्हा पुष्कळदा ड्रायव्हर गेलेला नसतो, जाळीत कानातला मळ बसलेला असतो. जाळी जमिनीकडे धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडली की आवाज परत येतो.

उलट, वजनाचा तोटाच होतो. जड कवच कानातून खाली ओढलं जातं, रबर आणि कानाची भिंत यांच्यात फट पडते, आणि फट पडली की सगळ्यात आधी खर्ज पळतो. संदेशातली पहिली खूण अशी चौथ्या, बासच्या खुणेच्याच मुळावर येते.

‘ड्रायव्हर जितके जास्त, तितका आवाज चांगला.’ ड्रायव्हर म्हणजे आतला इवलासा स्पीकर. एटिमोटिक या अमेरिकन कंपनीने 1991 मध्ये ईआर-4 आणला, त्यात प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर होता, बॅलन्स्ड आर्मेचर जातीचा, म्हणजे श्रवणयंत्रांत वापरतात तसा. स्वच्छ, खऱ्या आवाजाची गोष्ट निघाली की आजही त्याचं नाव निघतं. सेनहायझरचा 2021 चा आयई 900 हजार डॉलरच्या वरचा, आणि त्याच्याही आत 7 मिलिमीटरचा एकच डायनॅमिक, म्हणजे साध्या स्पीकरसारखा पडदा हलवणारा, ड्रायव्हर. अनेक ड्रायव्हर घालतात तेव्हा काम वाटून द्यावं लागतं: खर्ज एकाकडे, मधला भाग दुसऱ्याकडे, वरचा तिसऱ्याकडे. त्यांचे सांधे नीट जुळले तर उत्तम. जुळले नाहीत, तर एकाच गळ्याचा पोत खाली एक आणि वर दुसराच ऐकू येतो. संख्या या सांध्यांबद्दल काहीच सांगत नाही.

मग आवाज कशाने ठरतो? इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब. एका टोकाला पडदा, दुसरं टोक उघडं. अशी नळी 3,000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 3,000 कंपनांच्या, आसपास आपणहून गुंजते. जन्मापासून आपण प्रत्येक आवाज, आईची हाकसुद्धा, या गुंजेसकट ऐकत आलो आहोत. इयरफोनने नळीचं तोंड बंद केलं की ही नैसर्गिक गुंज नाहीशी होते. म्हणून जाणता बनवणारा त्याच पट्ट्यात मुद्दाम उठाव देऊन ती भरून काढतो. 2012 नंतरच्या काही वर्षांत हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, समोर कोणतं यंत्र आहे हे न सांगता, श्रोत्यांना वेगवेगळे आवाज ऐकवून हा उठाव किती असावा, खर्ज किती असावा, याचा एक आलेख बसवला. आज चांगल्या स्वस्त इयरफोनांपैकी अनेक त्या आलेखाच्या आसपास जुळवलेले असतात. इयरफोनचा गुण ठरतो तो या जुळवणीत.

हे कानाने तपासायला आपल्या इंदूरला, 28 सप्टेंबर 1929 रोजी, जन्मलेल्या लताबाईंचा आवाज फार उपयोगी पडतो. पाठ असलेलं कुठलंही गाणं लावा. उठाव कमी असेल तर आवाज दबका येतो, शब्दांचे काठ बुजतात, वाद्यं पुढे आणि त्या मागे. उठाव जास्त असेल तर तार सप्तकात आवाज टोचतो, ‘स’ आणि ‘श’ कानात बोचतात, आणि दहा मिनिटांत कान थकतो. जुनी ध्वनिमुद्रणं मर्यादित साधनांनी केलेली असली तरी गळ्याचा हा मधला भाग त्यांत भरपूर आहे. वरच्या टोकाची परीक्षा मात्र त्यांच्यावर करू नका, ती अलीकडच्या स्वच्छ रेकॉर्डिंगवर करा.

‘40 किलोहर्ट्झ बघा.’ जपान ऑडिओ सोसायटीची हाय-रेझची, म्हणजे सीडीहून बारीक तपशिलाच्या आवाजाची, खूण मिळवायची तर उपकरण 40 किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे 40,000 हर्ट्झपर्यंत, जावं लागतं, तिथून हा आकडा डब्यांवर आला. तरुण, निरोगी कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि वयाबरोबर ही हद्द खाली येत जाते. सीडीत 22,050 च्या वर काहीही मावत नाही. काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी) गाणाऱ्या बाईचा मध्य षड्ज 233 हर्ट्झचा, तार षड्ज 466 चा, आणि तार पंचमसुद्धा 700 च्या आत. त्याच्या वर असतात ते उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे बारीक स्वर: तंबोऱ्याची जवारी, तबल्याच्या काठावरच्या चाटेची धार, गाणाऱ्याचा श्वास. ते सगळं हवंच, पण तेही 20,000 च्या आतच भेटतं. शिवाय त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वर-खाली होतो हे सांगितल्याशिवाय नुसत्या दोन टोकांना अर्थ नाही.

‘बास छातीत जाणवला पाहिजे.’ छातीवर आदळणारा बास मोठ्या स्पीकरचा असतो. मिरवणुकीतला ढोल आपण अंगाने ऐकतो, कारण तिथे हवाच अंगावर येते. इयरफोन फक्त कानाच्या पडद्यावर काम करतो, त्याच्याकडून छातीची अपेक्षा धरली की माणूस आवाज वाढवत नेतो. इथे काळजीचीही बाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास ही हद्द सांगितली आहे, आणि दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो.

आवाजाची पातळी आणखी एका रीतीने फसवते. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या अमेरिकन संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, मोठ्या आवाजात तो भरून येतो. म्हणून दुकानात दोन इयरफोन एकापाठोपाठ लावले की जो जरा मोठ्याने वाजतो तोच भरीव आणि स्पष्ट वाटतो. सारख्याच ओहमच्या, म्हणजे विजेला सारखाच रोध करणाऱ्या, दोन इयरफोनांपैकी एकावर 105 आणि दुसऱ्यावर 115 डेसिबल संवेदनक्षमता लिहिली असेल, तर फोनची पातळी तीच ठेवूनही दुसरा 10 डेसिबल मोठा वाजेल. तुलना करायची असेल तर आधी तंबोरा लावा आणि दोन्ही कानाला सारखेच मोठे लागेपर्यंत पातळी जुळवा. मगच गाणं लावा. एवढं केलं की पुष्कळ ‘दमदार’ इयरफोनांचा दम उतरतो.

आणि बास नाहीच असं वाटलं, तर इयरफोनला नावं ठेवण्याआधी रबर बदला. कान हलक्या हाताने वर आणि मागे ओढून इयरफोन आत बसवा, मग बोटाने किंचित दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला तर रबर लहान पडतंय किंवा नीट बसलेलं नाही. दोन्ही कानांना एकाच मापाचं रबर लागेल असंही नाही. आपल्याकडचे बरेच दुकानदार कानात घालून बघू देत नाहीत, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच आहे. आपली रबरं खिशात घेऊन जा आणि ‘भैया, अपनी रबर लगा के सुन लूँ?’ असं विचारा, पुष्कळदा होकार मिळतो.

बास किती हवा, याला इंदूरकराने तरी आपल्या इंदूर घराण्याच्या गायकीतूनच उत्तर शोधावं. उस्ताद अमीर खाँसाहेबांची बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, मंद्रात किती वेळ रमते हे ज्याने ऐकलंय त्याला नुसता घुमारा पुरत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज 138 हर्ट्झच्या जरा वर आणि मंद्र षड्ज 69 च्या आसपास असतो. फुगवलेला बास नेमका या पट्ट्यावर बसतो. मग मंद्रातला स्वर ऐकू येतो, पण तो कसा लागला, कुठून सरकत आला, कुठे टेकला, हे कळत नाही, आणि त्या गायकीत ऐकायचं असतं ते हेच. तबल्याचंही तसंच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 मध्ये दाखवलं होतं की मधल्या काळ्या शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, म्हणून तो षड्जात मिळवता येतो. डग्ग्याचा घुमारा वाजवीपेक्षा मोठा झाला की तो हे उपस्वर झाकतो आणि दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, मिळालेला आहे की उतरलाय, ते समजेनासं होतं. विद्यार्थ्याला मी सांगते ती खूण अशी: डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा स्वर चढताना वेगळा ऐकू आला पाहिजे, आणि त्याच वेळी दायाँवरच्या ‘ना’ या बोलाची किनार जागेवर राहिली पाहिजे. दोन्ही ऐकू आलं तर बास बरोबर आहे.

‘चांदीची तार.’ चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्के चांगली वाहक, हे खरं. पण सव्वा मीटरच्या तारेचा सगळा रोध सहसा ओहमच्या एका अंशाचा, आणि इयरफोन 16 किंवा 32 ओहमचा. 32 ओहमच्या इयरफोनला अर्ध्या ओहमची तांब्याची तार काढून तेवढ्याच जाडीची चांदीची लावली, तर फरक डेसिबलच्या शंभराव्या भागाइतकाही पडत नाही. तार पारखायची तर ती कपड्याला घासली की कानात खसखस येते का आणि गुंडाळून ठेवली की वळसे धरून बसते का, एवढं बघा.

‘बाकी कंपन्यांचे नखरे’ हे वाक्य मात्र बरंचसं मान्य करते. येरून ब्रेबार्ट या संशोधकांनी 2017 मध्ये 283 हेडफोनांची मापं तपासली, त्यांत कानात घालायचेही होते. किंमत आणि आवाजाचा आलेख यांच्यात त्यांना काहीच नातं सापडलं नाही. फक्त, नावावर जाऊ नका असं सांगून वजन, ड्रायव्हर आणि चांदी मोजायला लावणं म्हणजे एका दिखाव्याच्या जागी दुसरा आणणं आहे.

‘100 तास वाजवा, मग आवाज उघडतो.’ या सगळ्यात नुकसान करणारा सल्ला हाच. वाजवून वाजवून पडद्यात जो काही बदल होत असेल, त्याहून मोठा फरक इयरफोन काढून परत घातल्यावर, रबर जरा वेगळं बसल्याने पडतो. बदलतो तो मुख्यतः आपला कान, त्याला नव्या आवाजाची सवय होते. आणि 100 तास मोजता मोजता परत करण्याची मुदत निघून जाते. म्हणून तपासणी पहिल्याच संध्याकाळी करा. स्टिरिओ येण्याआधीचं एखादं जुनं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखंच वाजणारं, गाणं लावा, आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी यायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर डावा-उजवा अदलाबदल करून घाला. झुकाव बाजू बदलून गेला तर दोष इयरफोनचा, तो बिलासकट परत करा. झुकाव त्याच बाजूला राहिला तर त्या कानाला दुसऱ्या मापाचं रबर लावून बघा, आणि तरीही गेला नाही तर कानाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घ्या.