नळीची वाट आणि मोठा मिथुन

मी खोटं फार कमी बोलतो, पण बोलतो तेव्हा ते लेखी असतं, ही माझी अडचण. झ्युरिकला आल्या आल्या ज्या मराठी ग्रुपमध्ये मला ॲड केलं तिथं "ओळख द्या" म्हणाले, मी नाव, गाव, व्हेज-नॉनव्हेज सगळं लिहिलं आणि उगाच एक ओळ जास्तीची टाकली: "सह्याद्रीत भरपूर ट्रेक, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हरिश्चंद्रगडाला पाचनईतून एक सोपी वाट आहे, तिथनं आजी-आजोबासुद्धा जातात. आणि पार दुसऱ्या अंगाला, खाली बेलपाड्यातून, कोकणकड्याला चिकटून वर येणारी नळीची वाट आहे, म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ, तिथं लोक रोप, म्हणजे चढाईचा दोर, घेऊन जातात. मी पाचनईतून गेलो होतो. 2009 साली, कॉलेजात असताना. नळी मी कोकणकड्यावर पालथं पडून वरून बघितली, त्यामुळे आमचा काहीच संबंध नाही असं म्हणता येणार नाही.

त्या ओळीला दोन वर्षांनी जुलैत फळ आलं. ॲडमिनचा मेसेज: "रविवारी डे हाईक. ग्रोसर मिथन, 1898 मीटर. लीडर आपले नळीची वाटवाले!!" खाली सतरा अंगठे. मी नकाशा उघडायच्या आधी कळसूबाई आठवली, 1646, म्हणजे फक्त अडीचशे मीटरचा फरक, आणि पायथ्याच्या होळ्झेगपर्यंत केबलचा पाळणा जातो म्हणजे चढायचे उरले पाचशे मीटर. ठीके की, म्हटलं. कळसूबाईला शिड्या आहेत, इथं साखळ्या आहेत, तिथं वर देऊळ आहे, इथं वर हॉटेल आहे. तोवर कुणाच्या तरी कीबोर्डने मिथनचं मिथुन करून टाकलं होतं, आणि, ग्रोसर म्हणजे मोठा, तर शेजारी छोटा मिथन म्हणून दुसरा डोंगर निघाल्यावर ग्रुपमधल्या मावशींची खात्रीच पटली की हे आपलंच नाव, जोडी आहे ना, मिथुन. (तिथले लोक त्याला साधं "मीते" म्हणतात हे मला ऑफिसात सोमवारी कळलं, तेव्हा मी खुर्चीतून उठू शकत नव्हतो.)

"येणार" म्हणाले सतरा, स्टेशनवर आले अकरा, पण जेवण सतरांचं आलं. लीडर अनुभवी असल्यामुळे कॉमन सामान लीडरकडे. तर माझ्या सॅकमध्ये चाळीस मेथी पराठे, स्टीलचा गोल डबा, त्यात लोणचं, दोन लिटर चहाचा थर्मास, बाकरवडी, आणि "असू द्या हो, वर लागेल" म्हणून एका वहिनींनी दिलेली आख्खी चादर. ती वर लागली नाही. आइनझीडेल्नपर्यंत ट्रेन, तिथून ब्रुनीला बस, मग पाळणा, हे सगळं छान झालं कारण त्यात मला चालायचं नव्हतं.

होळ्झेगला उतरल्यावर समोर डोंगर दिसला आणि ग्रुप एकदम गप्प झाला. खाली हिरवं कुरण, गायी, गळ्यातल्या घंटा, आणि त्यातून एकदम सरळ वर उठलेला राखाडी खडक, टोकाला लालसर, जांभ्याची टोपी घातल्यासारखा. जांभा नव्हे, तीही चुनखडीच. आमच्यातल्या एका वाचणाऱ्या काकांनी सांगितलं की हा डोंगर मुळात इथला नाहीच, आल्प्स घडताना दक्षिणेकडून सरकत आलेल्या थराचा तुकडा आहे, त्यामुळे खाली तरुण खडक आणि वर म्हातारा, उलटा मामला. आमचंही तेच झालं. तरुण जोडपी साखळ्या बघून खालीच थांबली आणि काका पहिल्या नंबरात वर पोचले.

मावशी मात्र पाळण्यातून उतरल्या, बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन, मी इथनं बघते." एक गाय आली, तिनं कुंपणापलीकडनं मान काढून मावशींचा घामट हात मिठासाठी मनगटापासून कोपरापर्यंत चाटला, मावशी तिच्याशी मराठीत बोलत होत्या आणि ती ऐकत होती. मी इतक्या हेव्याने कुठल्याच माणसाकडे बघितलेलं नाही.

या वाटेची खासियत म्हणजे ती 1864 साली बांधून काढलीय, आणि चाळीसच्या वर वळणं आहेत, प्रत्येकाला नंबर. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या थोड्या पाट्या मी जमिनीकडे बघत चालल्यामुळे हुकल्या, मग मान वर केली तर 9. मी मागं वळून जोरात ओरडलो, "चला, फक्त नऊ राहिली!" टाळ्या पडल्या, एका वहिनींनी उत्साहात उरलेलं पाणी पिऊन टाकलं. पुढच्या वळणावर 10.

त्यानंतर माझ्या नेतृत्वाची घसरण सुरू झाली. आणि खरंच घसरण, कारण आपला सह्याद्रीचा काळा दगड बुटाला धरून ठेवतो, आणि ही चुनखडी दीडशे वर्षं लोकांच्या पायांनी घासून घासून मोरीतल्या फरशीसारखी झालीय. एका हातानं साखळी धरायची, खाली बघायचं नाही, पाठीवर डबा एकदा डावीकडे ठण एकदा उजवीकडे ठण. समोरच्या कुरणात गायींच्या घंटा, मागं माझी.

त्यात ग्रुएत्सी. इथं डोंगरात समोरून येणारा, मागून पुढं जाणारा, प्रत्येक जण नमस्कार घालतो आणि तुम्हाला परत घालावा लागतो, न घालणं म्हणजे फारच वाईट. आम्हाला ओव्हरटेक केलं पाठीवर बाळ घेतलेल्या बापानं, पळत चढणाऱ्या दोन पोरींनी, सत्तरीच्या पुढच्या एका आजींनी आणि एका आखूड पायांच्या डॅशहुंडनं. सगळे ग्रुएत्सी, बोलताना कुणाचा श्वाससुद्धा वर-खाली नाही. पंधराव्या वळणापर्यंत मी पूर्ण शब्द परत करत होतो, मग नुसतं "त्सी", आणि विसाव्यानंतर फक्त भुवया.

पण खरं संकट माझ्या मागं चालत होतं. ग्रुपमध्ये नवीन आलेले एक नाशिककर, उंच, बारीक, ट्रेकिंगच्या काठ्या दोन्ही हातात. सतराव्या वळणावर ते सहज म्हणाले, "दादा, तुम्ही नळीनं गेलायत ना? मीपण केलीय."

माझे गुडघे तोवर फक्त थकले होते, आता गार पडले.

"हो का, वा," म्हटलं आणि वेग वाढवला. तो वाढला नाही.

"मधला तो अडकलेला मोठा दगड कसा पार केलात? रोप लावलेला का?"

आता काय सांगणार. म्हटलं, "आम्ही गेलो तेव्हा... लहान होता."

"दगड?"

"मी."

त्यांनी मान हलवली. पुढची दहा वळणं मी उत्तरं तयार करत चढलो, आणि हे सांगायला हवं की भीती असली की पायांचं दुखणं कळत नाही, माणूस भराभर चढतो. पिवळ्या पाटीवर साधारण दीड तास लिहिलेलं (ते इथं विश्रांती धरत नाहीत, आधीच सांगतो), आम्हाला अडीच लागले, त्यातला शेवटचा अर्धा तास माझा आयुष्यातला सर्वोत्तम पेस होता.

वर पोचलो. क्रूस, झेंडा, हॉटेल, खाली लाउएर्त्सचं तळं, त्याच्या पुढं फियरवाल्डश्टेटरझेचा, म्हणजे लुझर्नच्या तळ्याचा, निळा तुकडा, समोर रीगीचा डोंगर, आणि बरोबर पायाखाली श्वित्स गाव, ज्याच्यावरून सगळ्या देशाला स्वित्झर्लंड नाव पडलं. इतकं छोटं की वरून बाकरवडीच्या पुड्यानं झाकता आलं असतं. हॉटेलच्या टेबलावर घरचं खायचं नसतं, म्हणून आम्ही बाजूला खडकावर बसलो आणि मी नऊ किलोचा पाठीवरचा संसार उतरवला. डबा उघडतोय तोच पिवळ्या चोचीचे काळे पक्षी आले, डोमकावळ्यासारखेच पण पाय लालभडक, आणि एकानं माझ्या हातातला पराठा मधोमध धरून कड्यापलीकडे नेला. इतक्या वर वाहून आणलेला. लोणच्यासकट.

चहा झाला, सगळे सैल झाले, आणि कुणीतरी म्हणालं, "नाशिककर, सांगा की तुमचा नळीचा किस्सा." ते खुलले. पहाटे कसे निघाले, धुकं कसं होतं, टॉर्च कसा विझला. "पाचनईत पिठलं-भाकरी हाणली," म्हणाले, "आणि समोरच्या नळीत घुसलो."

माझा कप तोंडापाशीच थांबला.

पाचनईत. अहो, पाचनईतून नळी दिसतसुद्धा नाही, अख्खा गड मध्ये आहे. जगात हे मला सगळ्यात चांगलं माहीत असायला हवं, कारण मी पाचनईत पिठलं-भाकरी खाल्लीय. पण तिथं बसून "नाशिककर, नळी तर बेलपाड्यातून चढतात" म्हणायचं, तर पुढचा प्रश्न मलाच येणार, आणि त्या दगडाचं माझ्याकडे अजून नीट उत्तर नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घ्या, बाकरवडी घ्या."

उतरताना ते आपणहून म्हणाले, "द्या दादा, सॅक मी घेतो." दिली. गुडघ्यांचं काय झालं ते लिहीत नाही, शेवटची बारा वळणं मी पाठमोरा उतरलो, साखळी धरून, ग्रुएत्सी तोंडावर न घेता. खाली मावशी त्याच बाकावर, तीच गाय, मावशींच्या हातात दुसरी कॉफी. "झालं का रे?" म्हणाल्या.

बसमध्ये सगळे झोपले. आइनझीडेल्न यायच्या आत फोन वाजला, ॲडमिन: "मस्त झालं!! पुढच्या महिन्यात झेंटिस, 2502 मीटर. या वेळी दोन लीडर, दोघेही नळीची वाटवाले!" मी अंगठा टाकला. नाशिककरांचा माझ्या आधी पडला होता.