ताटातले कॅल्शियम आणि पेशीतले कॅल्शियम: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरातील अनेक कौटुंबिक गटांत सध्या फिरणाऱ्या एका संदेशात तीन दावे आहेत. ऑक्सिडेटिव्ह ताणामुळे, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारे अतिक्रियाशील रेणू बेसुमार वाढल्यामुळे, पेशींत कॅल्शियम साचते आणि त्या मरतात. म्हणून चाळिशीनंतर दूध, नाचणी व कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात. आणि त्याऐवजी रोज अँटिऑक्सिडंट (अशा रेणूंना निष्प्रभ करणाऱ्या द्रव्यांच्या) कॅप्सूल व डाळिंबाचा रस घ्यावा. पहिल्या दाव्यात तथ्य आहे, आणि नेमके त्यामुळेच पुढचे दोन दावे लोकांना खरे वाटतात.

विश्रांत पेशीच्या द्रवात मुक्त कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर इतके अल्प असते, तर पेशीबाहेर ते त्याच्या जवळपास दहा हजार पट असते. ही तफावत राखण्यासाठी पेशी अखंड ऊर्जा खर्च करते, कारण हृदयाचे आकुंचन, चेतापेशींमधील संदेशवहन आणि इन्सुलिनचे स्रवणे ही कामे कॅल्शियमच्या क्षणिक चढउतारावरच चालतात. आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतील कॅल्शियमच्या कोठारात, कॅल्शियम परत ओढणारा ‘सर्का’ पंप आणि तेथून ते सोडणारी रायानोडिन मार्गिका या दोन्ही प्रथिनांत सिस्टीन या अमिनो आम्लाचे गंधकयुक्त गट असतात. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे रेणू बेसुमार वाढले की या गटांचे ऑक्सिडीकरण होते, पंप मंदावतो, मार्गिकेतून गळती सुरू होते आणि पेशीद्रवातील कॅल्शियम चढते. ते तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचे ऊर्जाकेंद्र) प्रमाणाबाहेर शिरले, तर तिच्या पटलातील छिद्र उघडून ऊर्जानिर्मिती कोलमडते व पेशी मरू शकते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तप्रवाह पुन्हा सुरू होताना हृदयाच्या स्नायूला जी इजा होते, तिच्यात या साखळीचा वाटा असतो.

मात्र हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे हेच रेणू अल्प प्रमाणात असले की उपयोगी ठरतात, हे संदेशात कोठेही येत नाही. सौम्य, परतवता येणाऱ्या बदलाने सर्का पंपाचा वेग वाढूही शकतो. थायरॉइड ग्रंथीत तर कॅल्शियमच्याच इशाऱ्याने चालणारे एक विकर (एन्झाइम) हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि त्याशिवाय थायरॉइड संप्रेरक नीट बनत नाही.

दुसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो. वर सांगितलेला बिघाड पंपांचा आणि मार्गिकांचा आहे. ताटात किती कॅल्शियम आले याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. उजनी भरली म्हणून घरातला नळ आपोआप वाहू लागत नाही, मधले पंप आणि व्हॉल्व्ह ते ठरवतात, तसेच हे आहे. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व रक्तातील कॅल्शियम १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या मर्यादेत धरून ठेवतात. आहारातून ते कमी मिळाले तर पेशीतले कॅल्शियम उतरत नाही. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम ज्या हाडांत व दातांत आहे, त्यांपैकी हाडांतून ते काढून घेतले जाते. रजोनिवृत्तीनंतर ज्यांची हाडे आधीच विरळ होत असतात, त्या स्त्रियांना हा सल्ला थेट अस्थिभंगाकडे नेऊ शकतो. गोळ्यांचा अतिरेक मूतखड्याचा धोका वाढवतो हे खरे आहे, आणि म्हणून मात्रा डॉक्टरांनी ठरवायची असते. पण तो प्रश्न वेगळा आहे.

तिसऱ्या दाव्यातील डाळिंबाबद्दल माझी तक्रार नाही. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही येथेच केगावला आहे. फळ म्हणून ते जरूर खावे. परंतु त्यातील पॉलिफेनॉल या अँटिऑक्सिडंट द्रव्यांचे मोठे रेणू जसेच्या तसे रक्तात पोहोचत नाहीत, आतड्यातील जीवाणू त्यांचे रूपांतर करतात, त्यामुळे परीक्षानळीत दिसलेला गुण पेशीच्या पंपापर्यंत पोहोचेलच असे म्हणता येत नाही. शिवाय मधुमेही व्यक्तीने रोज रस पिणे म्हणजे रोज साखर घेणे आहे. कॅप्सूलच्या बाबतीत पुरावा अधिक स्पष्ट आहे: फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले आढळले.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी काम करेनाशा झाल्या आहेत, त्यांनी हा संदेश वाचून गोळ्या थांबवल्या, तर बोटांना व ओठांभोवती मुंग्या येणे, हातपाय आखडणे आणि पुढे झटके येणे इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. अशी व्यक्ती घरात असेल तर तिला हे आजच सांगावे, आणि गोळ्या आधीच बंद केल्या असतील तर त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.