कुंज म्हणजे बाग नव्हे

‘कुंज म्हणजे निगुतीने राखलेली फुलबाग. हा शब्द फारसीतून आला. अशा बागेत रमतो म्हणून हत्तीला कुंजर म्हणतात.’ असा मजकूर हातोहात पुढे पाठवला जातो. तिन्ही विधाने मला पटत नाहीत. त्यातले पहिले तर जुन्या कवितेचे फार नुकसान करते.

बागेसाठी अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, वेगळे शब्द आहेत: आराम आणि उपवन. अर्थ दिलाय ‘कृत्रिमं वनमेव यत्’, म्हणजे माणसाने केलेले वन. कुंज त्या ओळीत नाही. तो सापडतो शैलवर्गात, म्हणजे डोंगरांच्या प्रकरणात, दऱ्या आणि गुहांच्या शेजारी: ‘निकुञ्जकुञ्जौ वा क्लीबे लतादिपिहितोदरे’. वेलींनी जिचे पोट झाकून टाकले आहे अशी जागा. करवंदाच्या जाळीत कधी वाकून शिरला असाल तर हे ‘पोट’ लगेच कळेल. बाहेरून काटेरी हिरवी भिंत, आत एखादा माणूस लपेल एवढा गारवा आणि काळोख. इमारतींना ‘निकुंज’ नाव देऊन देऊन आपण तो काळोखच विसरलो.

‘मेघदूता’त कालिदासाचा मेघ आम्रकूट पर्वतावर थांबतो, तिथले कुंज ‘वनचरवधूभुक्त’ आहेत, रानात राहणाऱ्या स्त्रियांच्या वापरातले. पुढच्याच श्लोकात रेवेचे, म्हणजे नर्मदेचे पाणी येते: ‘जम्बूकुञ्जप्रतिहतरयम्’. जांभळींच्या दाटीने त्याचा वेग अडला आहे. फुलांचे ताटवे नर्मदेला काय अडवणार? तिथे बाग वाचली, की विंध्याच्या पायथ्याची ती नदीच पुसली जाते.

१२व्या शतकातल्या जयदेवाकडे, त्याच्या ‘गीतगोविंदा’त, तर सगळी भिस्त अंधारावर आहे. सखी राधेला म्हणते, वाजणारे पैंजण काढून टाक, आणि ‘चल सखि कुञ्जं सतिमिरपुञ्जं शीलय नीलनिचोलम्’. काळोख दाटलेल्या कुंजात चल, निळे वस्त्र पांघर. निळे का, तर काळोखात मिसळून जाता यावे म्हणून. उघड्या बागेत या ओळीला अर्थच उरत नाही.

फारसीत ‘कुंज’ आहे, पण त्याचा अर्थ कोपरा. ‘कुंज-ए-कफस’ म्हणजे पिंजऱ्याचा कोपरा. आपला कुंज फारसी इकडे रुळण्याच्या कितीतरी आधीपासून संस्कृत काव्यात आहे.

राहिला कुंजर. काशिकावृत्तीत, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या जुन्या टीकेत, त्याची फोड आहे, आणि तिथे कुंज म्हणजे हत्तीचा जबडा; तो ज्याला आहे तो कुंजर.